रेकॉर्डिंगपासून चार हात लांब राहिलेल्या केसरबाईंचा आवाज नासानं सुईसकट अंतराळात पाठवला

नगर-बीड रस्त्यावर, आष्टी तालुक्यात कडा नावाचं गाव आहे. तिथं माझे मामा राहतात. मागच्या दिवाळीत त्यांनी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली, तर आत कागदी पाकिटांत घातलेल्या काळ्या तबकड्या निघाल्या. आजोबा मुंबईला गिरणीत होते, तेव्हा जमवलेल्या. मामांनी हौसेनं सुटकेससारखा दिसणारा एक रेकॉर्ड प्लेअर ऑनलाइन मागवला, त्यातली एक तबकडी लावली आणि मला फोन केला.

तक्रार अशी होती की नुसती खरखर येतेय. गाणं आहे, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखं. मग पुढचा प्रश्न आला. बारीकसारीक सगळं ऐकू येईल अशी बाजारातली सगळ्यात भारी पिन कोणती?

मी तबकडीचा फोटो मागवला. लेबलवर नाव होतं केसरबाई केरकर.

आता योगायोग बघा. रेकॉर्डवर चुकीची सुई पडली तर गाण्याचं मातेरं होतं, याची काळजी नासालाही होती. म्हणून १९७७ साली याच केसरबाईंचं गाणं अंतराळात पाठवताना त्यांनी सोबत सुई पाठवली, कार्ट्रिज पाठवलं आणि सुई कुठे टेकवायची याचं चित्रही कोरून दिलं. आणि ज्या बाईंचा हा आवाज, त्या स्वतः आयुष्यभर रेकॉर्डिंगकडे जरा संशयानंच बघत आल्या.

तर मामांच्या पिनेचं उत्तर देऊच. पण आधी या केसरबाई कोण होत्या, ते बघू.

केरीची मुलगी

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा. गाव केरी, तालुका फोंडा, गोवा. तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं. जन्म कलावंत समाजात. या घरांचा देवळांच्या सेवेशी संबंध होता आणि गाणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं. गोव्याच्या या समाजानं हिंदुस्थानी संगीताला एकाहून एक मोठ्या गायिका दिल्या. केसरबाईंच्या बारा वर्षांनी जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकर त्यातल्याच.

पण गाणं घरात असलं तरी मान घरात नव्हता. गाणाऱ्या बाईचं गाणं लोकांना हवं असायचं, ती बाई मात्र पंगतीत नको असायची. केसरबाईंचा पुढचा सगळा ताठा, बिदागीबद्दलचा हट्ट, मैफलीतली शिस्त, हे समजून घ्यायचं तर ही सुरुवात लक्षात ठेवावी लागते.

आठ वर्षांची असताना तिला कोल्हापूरला नेलं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे तालीम सुरू झाली. ती जेमतेम आठ महिने टिकली. मग परत गोवा. तिथं रामकृष्णबुवा वझे डिचोलीजवळच्या लामगावला यायचे, तेव्हा त्यांच्याकडून शिकायचं. बुवा आले की तालीम, बुवा गेले की वाट बघणं.

सोळाव्या वर्षी ती आई आणि मामांबरोबर मुंबईला आली. साल होतं १९०८ च्या आसपासचं. मुंबईत शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांनी तिच्या शिक्षणाची सोय केली. पतियाळा दरबारचे सतारिये बरकतुल्ला खाँ यांच्याकडे काही वर्षं तालीम झाली. मध्ये भास्करबुवा बखल्यांकडेही ती थोडा काळ शिकली.

म्हणजे तिशी जवळ येईपर्यंत चार गुरू झाले आणि चारही वेळा तालीम अर्धवट राहिली. आजच्या भाषेत सांगायचं तर चार कोर्स लावले, एकाचंही सर्टिफिकेट हातात नाही.

मग आले अल्लादिया खाँ

अल्लादिया खाँसाहेब म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. जन्म १८५५ चा, राजस्थानातला. पुढे शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारी ते गायक होते. तरुणपणी अतिरेकी गाण्यामुळे त्यांचा आवाज बसला होता. तो पहिल्यासारखा परत आला नाही. मग जो आवाज उरला त्याला साजेशी नवी गायकी त्यांनी घडवली. वळणावळणानं जाणारी, एका स्वरात दुसरा गुंफणारी, तालाच्या प्रत्येक मात्रेशी बोलणारी. राग तर असे की मोठमोठे गवई त्यांच्या वाटेला जात नसत.

१९२१ मध्ये केसरबाई त्यांच्या शिष्या झाल्या. तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठावीस. या वयात बाकीच्या गायिका नाव कमावून बसलेल्या असायच्या. केसरबाईंनी मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

खाँसाहेबांची तालीम सोपी नव्हती. तीच तान, तीच जागा, तोच पलटा, गळ्यात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा. दिवसचे दिवस. जवळपास दहा-अकरा वर्षं ही कडक तालीम चालली. १९३० च्या सुमारास केसरबाई व्यावसायिक मैफली करू लागल्या, तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. त्यानंतरही शिकणं थांबलं नाही. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोवर त्या त्यांच्याकडून शिकतच होत्या. म्हणजे एका गुरूकडे पंचवीस वर्षं.

आणि मग जे गाणं बाहेर आलं, त्यानं लोक थक्क झाले. खुला, भरदार, गोल आवाज. लांबच लांब दमसास. तान सुरू झाली की श्रोत्याला वाटायचं आता श्वास घेतील, आता घेतील, आणि तान समेवर येऊनच थांबायची. रवींद्रनाथ टागोरांसारखा माणूस त्यांच्या गाण्याच्या प्रेमात होता. १९४८ मध्ये कोलकात्यात त्यांना सूरश्री ही पदवी मिळाली आणि ती त्यांच्या नावाला कायमची चिकटली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं त्यांना राज्यगायिका म्हणून गौरवलं.

मैफलीत त्यांचा दरारा असायचा. गाणं चालू असताना कुजबुज खपायची नाही. बिदागी कमी करून गाणं नाही. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणायचे. पण ज्या समाजात गाणाऱ्या बाईला पायरीवर उभं केलं जायचं, त्याच समाजाला समोर बसवून, गप्प बसवून, पूर्ण किंमत मोजायला लावून त्या गायल्या. याला नुसता गर्व म्हणणं जरा स्वस्तातलं आहे.

मग रेकॉर्डिंगचं काय बिनसलं?

भारतात ग्रामोफोनचं रेकॉर्डिंग १९०२ मध्ये सुरू झालं. कोलकात्यात गौहर जान यांनी गायलं. त्या काळात तबकड्या बनायला परदेशात जायच्या. तिथल्या कामगारांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून गौहर जान गाणं संपलं की शेवटी आपलं नाव सांगायच्या. पुढे कोलकात्यातच कारखाना निघाला आणि रेकॉर्डी गावोगाव पोचल्या.

पण एक अडचण होती. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटं गाणं मावायचं.

जयपूर घराण्याचा ख्याल मैफलीत पाऊण तास, तासभर चालायचा. आधी आलापातून राग उभा करायचा, एकेक आवर्तन भरत जायचं, मग लय वाढवायची, मग ताना. तीन मिनिटांत हे बसवायचं म्हणजे पुरणपोळीचं जेवण बशीत वाढण्यासारखं. नुसता घास मिळणार.

दुसरी अडचण चोरीची. त्या काळचे उस्ताद आपल्या बंदिशी आणि रागांच्या खास जागा जिवापाड जपायचे. रेकॉर्ड बाहेर आली की कुणीही ती शंभर वेळा वाजवून उचलू शकत होता. आज आपण कंटेंट कॉपी झाला म्हणून ओरडतो. ही भीती तेव्हाही होती, फक्त स्ट्राइक मारायची सोय नव्हती.

म्हणून गंमत अशी की केसरबाईंच्या गुरूंमध्येच दोन तट दिसतात. अब्दुल करीम खाँ आणि वझेबुवा यांनी रेकॉर्डी दिल्या. त्यांचा आवाज आज आपण मोबाइलवर ऐकू शकतो. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांनी दिल्या नाहीत. हिंदुस्थानी संगीतातल्या या दोन डोंगराएवढ्या माणसांचं एकही रेकॉर्डिंग आज उपलब्ध नाही. ते कसे गायचे, हे फक्त शिष्यांच्या गळ्यातून आणि लोकांच्या आठवणींतून कळतं.

केसरबाई या दोन तटांच्या मध्ये उभ्या होत्या. रेडिओपासून त्या लांब राहिल्या. आपलं गाणं कुणीही, कुठेही, काम करता करता ऐकावं, हे त्यांना पटणारं नव्हतं. पण एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी मोजक्या रेकॉर्डी दिल्या. ललत, मालकंस, नट कामोद, भैरवी. प्रत्येकी साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर.

पंचवीस वर्षांची तालीम आणि हाती उरलेली ही काही मिनिटं. काही खासगी मैफलींचं ध्वनिमुद्रण आहे, पण सामान्य माणसाच्या घरात पोचली ती ही तबकडीच. म्हणूनच त्या मिनिटांतलं जितकं बाहेर काढता येईल तितकं काढायला हवं. आणि इथं मामांची पिन येते.

पिन, कार्ट्रिज आणि बारकावे

आधी शब्द नीट समजून घेऊ. आपण ज्याला पिन किंवा सुई म्हणतो, ती म्हणजे टोकाचा हिऱ्याचा कण. ती एका बारीक दांडीला लावलेली असते. दांडी ज्या डबीत जाते ती डबी म्हणजे कार्ट्रिज. रेकॉर्डच्या खाचेच्या भिंती नागमोडी असतात, तेच गाणं. सुई त्या भिंतींबरोबर हलते आणि कार्ट्रिज त्या हालचालीची वीज बनवतं. मग अॅम्प्लिफायर, मग स्पीकर.

वीज बनवायच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

पहिली सिरॅमिक. दाबल्यावर वीज तयार करणाऱ्या पदार्थाचा तुकडा. स्वस्त, सुटकेस प्लेअरमध्ये बहुतेक हीच असते. सुईचा भार जास्त, बारकावे कमी.

दुसरी मूव्हिंग मॅग्नेट. दांडीच्या मागच्या टोकाला चिमुकलं चुंबक आणि शेजारी स्थिर तारेची गुंडाळी. साधारण तीन ते पाच मिलीव्होल्ट वीज मिळते. सुई झिजली की फक्त सुई बदलता येते. घरगुती वापराला ही सगळ्यात सोयीची.

तिसरी मूव्हिंग कॉइल. यात चुंबक स्थिर आणि गुंडाळी हलते. हलणारा भाग हलका, त्यामुळे बारीक हालचाल जास्त नेमकी पकडता येते. पण वीज अगदी थोडी, अर्ध्या मिलीव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी. ती वाढवायला वेगळं यंत्र लागतं आणि सुई झिजली तर बहुतेक वेळा अख्खं कार्ट्रिज कंपनीकडे पाठवावं लागतं किंवा नवं घ्यावं लागतं.

हे झालं डबीचं. पण बारकावे ऐकू येणं हे डबीइतकंच सुईच्या टोकावर अवलंबून असतं. गोल टोक असलेली साधी सुई असते. दोन बाजूंनी चपटी, लंबगोल सुई असते. आणि खाचेच्या भिंतीला उभ्या रेषेत टेकणारी, जास्त महाग सुई असते. जितकी टोकाची धार बारीक, तितकी ती खाचेच्या छोट्या वळणांत शिरते. हीच ती बारीकसारीक सगळं ऐकवणारी सुई.

आता तुम्ही म्हणाल, मग मामांनी तीच घ्यावी की!

नाही. कारण मामांची तबकडी ७८ ची आहे.

१९४८ मध्ये एलपी रेकॉर्ड आली. तिची खाच केसासारखी बारीक असते, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. ७८ च्या तबकडीची खाच तिच्या जवळपास तिप्पट रुंद. एलपीची साधी सुई ७८ च्या खाचेत टाकली तर ती भिंतींना नीट टेकतच नाही. तळाशी पडते आणि तळाला साचलेली धूळ आणि झीज वाजवत बसते. गाणं भिंतीवर, सुई गटारात. मामांना ऐकू येत होती ती हीच खरखर.

७८ साठी लागते मोठ्या टोकाची सुई. तिला तीन मिलची सुई म्हणतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एलपीची गोल सुई साधारण ०.७ मिलची असते. म्हणजे इथं बारकावे हवे असतील तर बारीक नव्हे, जाड टोकाची सुई घ्यायची.

यातही एक खुबी आहे. जुन्या काळी ही तबकडी कर्ण्याच्या ग्रामोफोनवर वाजायची. लोखंडी सुई, वर शंभर ग्रॅमहून जास्त भार. आजची सुई दोन-तीन ग्रॅमनं टेकते. त्या भारानं भिंतीचा एक पट्टा घासून गेलेला असतो. म्हणून जुन्या रेकॉर्डी जतन करणारे लोक थोड्या वेगवेगळ्या आकाराच्या सुया जवळ ठेवतात. अडीच मिल, तीन मिल, साडेतीन मिल. एकीनं खरखर आली तर दुसरी लावून बघायची. ती भिंतीवर जरा वर किंवा खाली टेकते, आणि जिथं जुनी सुई पोचलीच नव्हती तिथं गाणं तसंच ताजं सापडतं.

आणखी एक गोष्ट, खास केसरबाईंच्या गाण्यासाठी. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे एक मीटर खाच सरकते. आतल्या शेवटच्या खाचांत ते अंतर चाळीस सेंटीमीटरच्या आसपास येतं. म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. ख्यालात ताना कुठे येतात? शेवटी! ज्या वेगवान तानांसाठी केसरबाईंनी आयुष्याची वर्षं घातली, त्या नेमक्या सगळ्यात अडचणीच्या जागेत जाऊन बसल्या आहेत. सुई झिजलेली किंवा चुकीची असेल तर पहिलं नुकसान त्या तानांचं होतं. स्वर सुटे ऐकू येत नाहीत, नुसता घर्र आवाज येतो.

थांबणं

१९६३-६४ च्या सुमारास केसरबाईंनी जाहीर गाणं थांबवलं. वय सत्तरीच्या पुढे गेलं होतं. निरोपाच्या मैफलींची मालिका नाही, पुनरागमन नाही. थांबल्या म्हणजे थांबल्या.

शिकवण्याच्या बाबतीतही तेच. शिष्यांचा गोतावळा त्यांनी जमवला नाही. त्यांनी मनापासून तालीम दिली ती कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांना. धोंडूताईंनी ती गायकी पुढे मुंबईत जपली आणि २०१४ मध्ये त्या गेल्या.

म्हणजे बघा. रेडिओ नाही. रेकॉर्डी मोजक्या. शिष्या एक. एखाद्यानं आपलं गाणं आपल्याबरोबरच संपावं असं ठरवलं असतं, तरी यापेक्षा वेगळं काही केलं नसतं. केसरबाईंना तसंच हवं होतं का, हे सांगणं कठीण. पण आपलं गाणं कुणाच्या हाती पडावं, हे त्यांना स्वतः ठरवायचं होतं, एवढं त्यांच्या वागण्यातून स्वच्छ दिसतं.

आणि मग ती निवड एकदा त्यांच्या हातातून निसटली. तीही थेट सूर्यमालेबाहेर.

लेक्झिंग्टन अव्हेन्यूवरचं खोकं

१९७७ मध्ये नासा दोन यानं सोडणार होती. व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २. गुरू, शनी बघून ती पुढे ताऱ्यांच्या दिशेनं जाणार होती. कधी काळी कुणाला सापडलीच, तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून सोबत एक रेकॉर्ड द्यायची ठरलं. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्याकडे काम आलं आणि हाताशी वेळ होता काही महिन्यांचा.

जगभरच्या संगीतातून साधारण नव्वद मिनिटं निवडायची होती. भारताचं काय घ्यायचं? रॉबर्ट ब्राउन नावाचे अमेरिकन संगीत अभ्यासक होते. त्यांनी केसरबाईंची भैरवी सुचवली. जात कहां हो ही ती चीज, साधारण साडेतीन मिनिटांची.

पण रेकॉर्डच मिळेना. ती बाजारातून केव्हाच गेली होती. शेवटी या प्रकल्पावर काम करणाऱ्या अॅन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर सापडली. कुठे, तर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात. कुणाच्या तरी घरातल्या पेटीत, माळ्यावर, टेबलाखाली. जुनी गाणी अशीच टिकतात.

त्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या बारा इंची तबकडीवर बाख आहे, बीथोव्हेन आहे, चक बेरी आहे आणि केसरबाई आहेत. पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यात आपली मराठीही आहे. जास्त गाणं मावावं म्हणून ती हळू फिरते, मिनिटाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेरे.

आणि सोबत कार्ट्रिज आणि सुई. कारण नुसती तबकडी दिली आणि सापडणाऱ्यानं भलतंच टोक लावलं तर? पृथ्वीची खरखर ऐकून तो पुढे जाईल. म्हणून अॅल्युमिनियमच्या झाकणावर चित्र कोरलं. सुई कडेला टेकवायची, बाहेरून आत जायचं, एक फेरा ३.६ सेकंदांत पूर्ण व्हायला हवा. सेकंद म्हणजे काय हे परग्रहावर कसं कळणार? तर हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाला लागणारा काळ हे माप धरून तेही सांगितलं.

२० ऑगस्ट १९७७ ला व्हॉयेजर २ उडालं. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १. आणि त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाई गेल्या. वय होतं पंच्याऐंशी.

२०१२ मध्ये व्हॉयेजर १ सूर्याच्या प्रभावाच्या सीमेबाहेर पडलं. आज ते आपल्यापासून दोन हजार चारशे कोटी किलोमीटरहून जास्त लांब आहे. माणसानं बनवलेली इतक्या लांब गेलेली दुसरी वस्तू नाही. कुजबुज करणाऱ्या श्रोत्यासमोर न गाणाऱ्या बाईंचं गाणं आता अशा जागी आहे, जिथं कुजबुजायला हवासुद्धा नाही.

इकडे केरी गावात त्यांच्या घराच्या जागेवर सूरश्री केसरबाई केरकर हायस्कूल आहे. गोव्यात त्यांच्या नावानं दरवर्षी संगीत समारोह होतो. ज्या गावात गाणाऱ्या मुलीला मान नव्हता, तिथली मुलं आता वहीवर तिचं नाव लिहितात.

आणि कड्याचं काय झालं?

मामांना मी तीनच गोष्टी सांगितल्या. महागडं कार्ट्रिज घेऊ नका, त्या प्लेअरला बसतही नाही. त्याच कार्ट्रिजला बसणारी ७८ ची, तीन मिलची सुई मागवा. आणि तबकडी पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात वापरू नका. जुनी तबकडी लाखेपासून बनलेली असते, स्पिरिटनं लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर घ्या, मऊ कापड घ्या, लेबल कोरडं ठेवा, हात खाचेच्या दिशेनं गोल फिरवा.

आठवड्यानं सुई आली. मामांनी फोन लावला, काही बोलले नाहीत, फोन प्लेअरजवळ धरला.

खरखर होती, पण मागे गेली होती. पुढे आवाज होता. भरदार, सरळ, कुणाची परवानगी न मागणारा. शेवटच्या खाचांत तान आली आणि तिचा एकेक स्वर सुटा ऐकू आला. साडेतीन मिनिटं झाली, सुई आतल्या वर्तुळात जाऊन टकटक करायला लागली.

त्या साडेतीन मिनिटांत मामी, शेजारचे दोघं आणि फोनवर मी, कुणीही बोललं नाही. केसरबाईंची अट नकळत पाळली गेली होती.

तुमच्याही घरात माळ्यावर अशी पेटी असेल. भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा लेबल वाचा. आणि वाजवणार असाल, तर आधी सुई बघा.